जुने स्विच बदलण्यापूर्वी त्यामागची वायरिंग कशी ओळखावी

दिव्याचा जुना स्विच बदलणे हे दोन-चार स्क्रूंचे काम आहे, असे समजून बहुतेक जण सुरुवात करतात, प्लेट उघडतात, दिसतील त्या सगळ्या वायरी एकदम सोडतात आणि मग एकाच रंगाच्या पाच वायरी हातात घेऊन उभे राहतात. पुढे अंदाजाने केलेल्या जोडणीतून ठरावीक तक्रारी निघतात. शेजारच्या खोलीतला दिवा बंद पडतो, जिन्यातला दिवा खालून लागतो पण वरून लागत नाही, बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मिणमिणत राहतो, किंवा स्विच दाबताच ब्रेकर पडतो. यात नव्या स्विचचा दोष क्वचितच असतो. कोणती वायर काय काम करते हे न ठरवता ती सोडली गेली, हेच मूळ कारण असते. म्हणून या लेखाचा मोठा भाग वायर सोडण्याच्या आधीच्या कामाला दिला आहे; प्रत्यक्ष बदलणे त्या मानाने लवकर उरकते.

येथील विवेचन सिंगल फेजवरील दिव्यांच्या स्विचपुरते आहे. घरातल्या पक्क्या वायरिंगला कोणी हात लावायचा याचे नियम देशागणिक वेगळे असतात. ऑस्ट्रेलियात तर परवाना नसलेल्या व्यक्तीला साधा स्विच बदलण्याचीही मुभा नाही. आपल्याकडचा नियम परवानगी देत नसेल, तर पहिल्या दोन टप्प्यांतली माहिती समजून घ्यावी आणि पुढचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. त्याने केलेले काम पारखायलाही ही माहिती उपयोगी पडते.

१. स्विच नेमके काय तोडतो ते आधी कागदावर काढावे

दिव्याच्या सर्किटमध्ये तीन कामांच्या वायरी असतात. पहिली फेज, जी ब्रेकरकडून स्विचपर्यंत येते. दुसरी स्विचपासून दिव्यापर्यंत जाणारी, जिला बरेच कारागीर हाफ वायर म्हणतात. स्विच चालू असतानाच तिच्यात फेज असतो. तिसरी न्यूट्रल, जी दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून थेट परत जाते आणि साध्या स्विचमधून कधीही जाऊ नये. याशिवाय अर्थिंगची वायर असते. ती धातूची पेटी, धातूची प्लेट आणि दिव्याचे धातूचे अंग यांना जोडलेली असते आणि नेहमीच्या वापरात तिच्यातून प्रवाह वाहत नाही.

स्विचने फेजच तोडावा, न्यूट्रल नव्हे, या नियमाचे कारण नीट लक्षात घेतले पाहिजे. स्विच न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो आणि बंदही होतो, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला शंका येत नाही. परंतु दिवा बंद असतानाही होल्डरच्या आत फेज हजर असतो, आणि बल्ब बदलणाऱ्या माणसाचे बोट तेथे लागण्याची शक्यता असते.

न्यूट्रल कोठून जातो, यावर स्विचमागे काय दिसेल हे अवलंबून असते. काही घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्विचबोर्डात येतात. बोर्डाच्या कोपऱ्यात न्यूट्रलच्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा असतो आणि तो कोणत्याही स्विचला लागलेला नसतो. इतर घरांत दोन्ही वायरी आधी छतावर दिव्यापाशी जातात, आणि तेथून फक्त दोनच वायरी खाली स्विचकडे येतात, एक फेज घेऊन येणारी आणि दुसरी तो परत दिव्याकडे नेणारी. या दुसऱ्या पद्धतीत स्विचमागे न्यूट्रल मुळीच नसतो. तरीही त्या दोनपैकी एक वायर काळी, निळी किंवा पांढरी असू शकते, कारण बसवणाऱ्याने बाजारात मिळणारी दोन रंगांची जोडकेबल वापरलेली असते. रंग पाहून तिला न्यूट्रल समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

रंगांवर विसंबू नये याला आणखीही कारणे आहेत. भारतातील जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा. युरोपीय पद्धतीत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. ब्रिटनने २००४ ते २००६ या काळात लाल-काळ्याकडून तपकिरी-निळ्याकडे बदल केला, त्यामुळे तेथील कित्येक घरांत दोन्ही पद्धती एकत्र सापडतात. उत्तर अमेरिकेत काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल. म्हणजे निळी वायर एका ठिकाणी फेज आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल, काळी वायरही तशीच. त्यात घरात मधल्या काळात कोणी हाताला लागलेल्या वायरीने दुरुस्ती केली असेल, तर रंगांना काहीच अर्थ उरत नाही. रंगावरून फार तर शंका घ्यावी, निर्णय घेऊ नये.

२. आपला स्विच कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे

प्लेट न उघडताही बरेच कळते. एकाच ठिकाणाहून दिवा लागत असेल तर तो वन-वे. दोन ठिकाणांहून लागत असेल, आणि स्विचची वरची किंवा खालची स्थिती ठरावीकपणे 'चालू' नसेल, तर दोन्हीकडे टू-वे आहेत. तीन ठिकाणांहून लागत असेल तर टोकांना टू-वे आणि मध्ये इंटरमीडिएट स्विच असतो.

उघडल्यावर टर्मिनल मोजावेत. दोन टर्मिनल म्हणजे वन-वे. तीन म्हणजे टू-वे. त्यातला एक कॉमन असतो आणि बाकीचे दोन त्याच्या दोन वाटा. चार टर्मिनल दिसले तर थांबून विचार करावा, कारण इंटरमीडिएटलाही चार असतात आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणाऱ्या डबल पोल स्विचलाही चारच असतात. दोघांची जोडणी पूर्णपणे वेगळी आहे. उलट, तीन टर्मिनलांचा टू-वे स्विच वन-वे म्हणूनही वापरलेला आढळतो. तेव्हा कॉमनला एक वायर, उरलेल्या दोनपैकी एकाला दुसरी, आणि तिसरा टर्मिनल रिकामा असतो. त्या रिकाम्या टर्मिनलातून वायर निसटली आहे असे समजून शोधाशोध करू नये.

नवा स्विच भिंतीत बसवण्यापूर्वी टेबलावर तपासावा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या निवडीवर) लावून दोन-दोन टर्मिनलांच्या जोड्या पाहाव्यात. टू-वे स्विचमध्ये जो टर्मिनल एका स्थितीत एका शेजाऱ्याशी आणि दुसऱ्या स्थितीत दुसऱ्याशी जुळतो, तो कॉमन. बाकीचे दोन एकमेकांशी कोणत्याही स्थितीत जुळत नाहीत. हा कॉमन नव्या स्विचवर कोठे आहे ते तेथेच पेनाने खूण करून ठेवावे, कारण एका बनावटीत तो मधोमध असतो, दुसरीत एका टोकाला, तर काहींत फक्त स्क्रूचा रंग वेगळा असतो.

तपासणी: नव्या स्विचवर लिहिलेले अँपिअर जुन्यापेक्षा कमी नसावेत, आणि तो तेथील व्होल्टेजसाठी असावा. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डिमर बसवायचा असेल तर तो एलईडीसाठी आहे का आणि त्याला किमान किती वॉट भार लागतो, हे पाहावे. स्मार्ट स्विच घेणार असाल तर आधी पेटीत न्यूट्रल आहे का ते बघावे. यांतील बहुतेकांना तो लागतो, आणि नसलेला न्यूट्रल अर्थिंगवरून घेणे हा उपाय नाही, तो नवा धोका आहे.

३. साहित्य आणि एक निरीक्षण

इन्सुलेटेड दांड्याचे आणि पात्याचे स्क्रूड्रायव्हर, ज्यांवर १००० व्होल्टची खूण असते. वायर सोलण्याचे स्ट्रिपर. मल्टिमीटर किंवा त्याहून बरा म्हणजे दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर, दोन्ही कॅट-३ (घरातल्या पक्क्या वायरिंगवर मोजण्यासाठीच्या सुरक्षा) दर्जाचे. डोक्याला लावायची बॅटरी, कारण वीज बंद केल्यावर खोलीत उजेड नसणार. चिकटपट्टी, पेन, कागद आणि फोटो काढण्यासाठी फोन. मल्टिमीटर वापरताना तारा व्होल्टच्या भोकात आहेत आणि निवड एसी व्होल्टवर आहे, हे दरवेळी पाहावे. तार अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोके फेज-न्यूट्रलला लागली, तर मीटर हा स्वतःच शॉर्ट सर्किट होतो.

खिशाला अडकवायचा, काचेआडून निऑन दिसणारा टेस्टर घरोघरी असतो. तो फेज आहे असा इशारा देऊ शकतो, पण वीज नाही असा पुरावा देऊ शकत नाही. तो उजळण्यासाठी सूक्ष्म प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीकडे जावा लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास किंवा पायांत जाड रबरी चप्पल असल्यास तो फेजवरही इतका मंद लागतो की उजेडात दिसत नाही. उलट, शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे मोकळ्या वायरीवर आलेल्या पोकळ व्होल्टेजनेही तो लुकलुकतो. बॅटरीवर चालणाऱ्या स्पर्शरहित टेस्टरच्याही मर्यादा आहेत. या कामात त्यांना मदतनीस म्हणून ठेवावे, साक्षीदार म्हणून नव्हे.

निरीक्षण वीज चालू असतानाच करायचे आहे, कशालाही न उघडता. दिवा स्विचने बंद करावा आणि स्पर्शरहित टेस्टर होल्डरजवळ न्यावा. तेथे तो ठामपणे वाजत राहिला, तर स्विच न्यूट्रलवर बसलेला असण्याची दाट शंका घ्यावी आणि तसे कागदावर लिहून ठेवावे. याच वेळी बोर्डातला प्रत्येक स्विच काय चालवतो, त्याच ब्रेकरवर आणखी कोणते दिवे आहेत, याचीही यादी करावी. नंतर 'हा दिवा आधीपासूनच बंद होता का' असा प्रश्न पडला, तर हीच यादी कामी येते.

४. वीज बंद करण्याचा क्रम

अ) दिवा चालू ठेवावा आणि ब्रेकर एकेक करून पाडत तो कोणत्या ब्रेकरने जातो ते शोधावे.

आ) इन्व्हर्टर, सौर यंत्रणा किंवा जनरेटर असेल तर तो आउटपुटला बंद करावा. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरची लाइन चालू राहते, किंबहुना तिचे कामच ते आहे. एकाच बोर्डात दोन स्विच मेनवर आणि एक इन्व्हर्टरवर असणे अगदी नेहमीचे आहे.

इ) बाकीचे सर्व ब्रेकर पाडावेत. फक्त दूरच्या एका सॉकेटचा ब्रेकर चालू ठेवावा. टेस्टर पारखण्यासाठी तो लागणार आहे.

ई) जुना फ्यूज असेल तर त्याचा कटआउट काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. ब्रेकरवर पट्टी चिकटवून 'काम चालू, हात लावू नये' असे लिहावे आणि घरातल्या प्रत्येकाला सांगावे.

सावधान: साधा सिंगल पोल एमसीबी (म्हणजे घरातला नेहमीचा छोटा ब्रेकर) फक्त एकच वायर तोडतो. मागे कोठे फेज-न्यूट्रल उलटसुलट झाले असतील, तर ब्रेकर खाली असूनही स्विचपर्यंत फेज पोहोचू शकतो. शिवाय ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. माणसाला घातक ठरणारा प्रवाह त्याच्या मानाने इतका क्षुल्लक असतो की एमसीबीला त्याची दखलही लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखतो खरा, पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्यालाही तो साधा भारच वाटतो.

५. वीज नाही हे सिद्ध करणे

हा टप्पा घाईत उरकला जातो आणि अपघात येथेच होतात. प्लेटचे स्क्रू सोडून ती हलकेच पुढे ओढावी. आतल्या कोणत्याही धातूला बोट लावू नये. सिद्ध होईपर्यंत आतले सगळे चालूच आहे असे धरावे.

पहिल्यांदा टेस्टर त्या चालू ठेवलेल्या सॉकेटवर लावून तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो का ते पाहावे. मग स्विचचा प्रत्येक टर्मिनल आणि अर्थ, प्रत्येक टर्मिनल आणि न्यूट्रल असल्यास न्यूट्रल, शेवटी टर्मिनल एकमेकांत, अशा सर्व जोड्या मोजाव्यात. स्विच एकदा वर आणि एकदा खाली ठेवून. त्यानंतर टेस्टर पुन्हा सॉकेटवर लावून तो अजून जिवंत आहे याची खात्री करावी. मधल्या वेळात टेस्टरची बॅटरी संपली किंवा तार तुटली, तर तोही 'शून्य'च दाखवणार, म्हणून ही शेवटची पारख टाळता येत नाही.

येथे एक फसवणूक नेहमी होते. कित्येक जण फक्त स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये मीटर लावतात आणि शून्य दिसले की निर्धास्त होतात. स्विच चालू स्थितीत असेल तर ते दोन टर्मिनल आतून एकच झालेले असतात. दोन्हीवर पूर्ण फेज असला तरी त्यांच्यातला फरक शून्यच दिसेल. स्विच बंद असेल पण बल्ब उडालेला किंवा काढलेला असेल, तरी दुसऱ्या बाजूला परतीची वाट नसल्याने आकडा भरवशाचा नसतो. म्हणून मोजणी नेहमी एखाद्या पक्क्या संदर्भाशी, म्हणजे अर्थ किंवा न्यूट्रलशी करावी. पेटीत दोन्ही नसतील, तर चालू ठेवलेल्या सॉकेटच्या अर्थपिनपासून लांब वायरने संदर्भ आणावा, आणि तो अर्थ खरा आहे हे आधी त्याच सॉकेटवर फेज-अर्थ मोजून पाहावे.

तपासणी: सर्व जोड्या शून्य आल्या आणि टेस्टर दोन्ही वेळा पास झाला, की त्या सॉकेटचा ब्रेकरही पाडावा आणि मेन बंद करावे. एखादा टर्मिनल काही दाखवत असेल, तर आकडा कमी आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. तो कोठून येतो हे कळेपर्यंत काम थांबवावे.

६. पेटी वाचणे

आता स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून पेन घ्यावे. समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि खालून फोटो काढावेत. एकाच फोटोत मागची वायर पुढचीच्या आड जाते. नंतर कागदावर स्विचचे मागून दिसणारे चित्र काढून प्रत्येक टर्मिनलवर किती वायरी आहेत ते लिहावे.

उदाहरणार्थ, चार वन-वे स्विचचा एक जुना बोर्ड घेऊ. पहिल्या स्विचच्या खालच्या स्क्रूत दोन लाल वायरी एकत्र पिळलेल्या आहेत. त्यांपैकी एक पाइपातून येते, दुसरी जेमतेम बोटभर लांबीची असून शेजारच्या स्विचच्या खालच्या स्क्रूत जाते, तेथून तिसऱ्यात, तेथून चौथ्यात. चौथ्याच्या स्क्रूतूनही आणखी एक लाल वायर निघून पाइपात शिरते. वरच्या चार स्क्रूंना प्रत्येकी एक वायर आहे आणि कोपऱ्यात चिकटपट्टी गुंडाळलेला काळ्या वायरींचा जुडगा आहे. याचा अर्थ असा: खालची ओळ फेजचा लूप आहे, वरच्या चार वायरी चार दिव्यांकडे जातात, जुडगा न्यूट्रलचा आहे, आणि चौथ्या स्विचमधून पाइपात गेलेली लाल वायर पुढच्या खोलीला फेज देते. तीच वायर 'जास्तीची' समजून सोडून दिली, की शेजारची खोली अंधारात जाते.

प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून तिचे काम लिहावे: 'फेज आला', 'फेज पुढे', 'बाल्कनीचा दिवा', 'कॉमन'. रंग लिहू नये, काम लिहावे. कोणती वायर कोणत्या दिव्याकडे जाते याची शंका असेल, तर मेन बंद असतानाच दिव्यातून बल्ब काढून, लांब वायरने होल्डरचा संपर्क आणि ती वायर यांत कंटिन्युइटी पाहावी. एवढे करूनही एखाद्या वायरचे काम ठरत नसेल, तर उघड्या वायरी लोंबकळत ठेवून वीज चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. ते काम इलेक्ट्रिशियनचे.

सावधान: न्यूट्रलचा जुडगा विनाकारण सोडू नये. जिन्याच्या दिव्यांत फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा असे उसने प्रकार सापडतात. असा न्यूट्रल मधेच सुटला आणि दुसरे सर्किट चालू असले, तर त्या सर्किटच्या दिव्यातून आलेला फेज सुटलेल्या टोकावर उभा राहतो. मेनच बंद करण्याचा आग्रह यासाठी आहे.

पुढीलपैकी काहीही दिसले तर जुना स्विच तसाच ठेवून प्लेट परत लावावी आणि जाणकाराला बोलवावे. वाकवताच भुगा होणारे रबरी किंवा कापडी इन्सुलेशन, तांब्याऐवजी रुपेरी, मऊ आणि सहज तुटणारी अॅल्युमिनियमची वायर, जिला तांब्यासाठीचे साधे टर्मिनल चालत नाहीत आणि जोड सैल होऊन तापतो, काळवंडलेला टर्मिनल आणि जळका वास, पेटीत ओल, धातूची पेटी असून अर्थिंग नसणे. यातले एकही काम नवा स्विच बसवून सुधारत नाही, फक्त झाकले जाते.

७. एकावेळी एकच वायर

जुना स्विच पूर्ण मोकळा करून मग नवा जोडणे ही सवय सोडावी. नवा स्विच जुन्याच्या शेजारी धरावा, एक वायर जुन्यातून काढावी, तिचे टोक पाहावे, नव्यात घालावी, आवळावी, मगच दुसरीकडे वळावे. मॉड्युलर बोर्ड बसवताना पूर्ण चौकटच बदलायची असल्याने हे जमत नाही. तेव्हा चिकटपट्ट्यांवरच सगळी भिस्त असते, त्यामुळे त्या सुटणार नाहीत अशा लावाव्यात.

जुन्या टोकाला स्क्रूचा चेप पडलेला असतो आणि तेथेच वायर तुटते. लांबी पुरेशी असेल तर ते टोक कापून नव्याने सोलावे. किती सोलायचे याची खूण बहुतेक स्विचच्या पाठीवर असते, साधारण ८ ते १० मिलिमीटर. कमी सोलले तर स्क्रू इन्सुलेशनवर बसतो आणि जोड वरवरचा राहतो. जास्त सोलले तर उघडे तांबे बाहेर राहते. स्ट्रिपर नसेल तर ब्लेडने गोल काप देणे टाळावे, कारण तांब्यावर पडलेला बारीक चर पुढे तेथेच वायर मोडतो.

अनेक तारांची वायर असेल तर सगळ्या तारा पिळून एकत्र आत जाव्यात. बाहेर राहिलेली एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकते. टोकाला पिनलग (धातूची छोटी टोपी) दाबून बसवणे उत्तम. मात्र टोकाला कथिलाचा डाग देऊन ते स्क्रूखाली आवळू नये. कथील दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांनी घट्ट जोड आपोआप सैल होतो. एका टर्मिनलात दोन वायरी असतील तर त्या एकत्र पिळून घालाव्यात. एक जाड आणि एक बारीक असल्यास बारीक वायर सुटण्याची शक्यता असते, म्हणून लूपसाठी फेजच्याच जाडीची वायर वापरावी. दाबून बसवायच्या स्प्रिंगच्या टर्मिनलांपैकी बरेचसे केवळ एकतारी वायरीसाठी असतात.

तपासणी: प्रत्येक जोड आवळल्यावर वायर बोटांनी ओढून पाहावी. हलली तरी जोड नापास.

टू-वे स्विचबाबत थोडे अधिक. येथे जुन्या स्विचच्या वरच्या टर्मिनलातली वायर नव्याच्या वरच्या टर्मिनलात घालण्याची चूक ठरलेली आहे. जुन्याचा कॉमन आणि नव्याचा कॉमन वेगवेगळ्या जागी असू शकतात, म्हणून जागेवरून नव्हे तर कामावरून वायर हलवावी. कॉमनची वायर आधी हलवावी. उरलेल्या दोन वायरी एकमेकींच्या जागी गेल्या तरी काही बिघडत नाही. कॉमन चुकला तर दिवा लागतो, पण दुसरा स्विच एका विशिष्ट स्थितीत असतानाच, आणि पुष्कळ जण मग तो दुसरा, चांगला असलेला स्विचही बदलून टाकतात. इंटरमीडिएटमध्ये एका बाजूच्या दोन वायरींची जोडी आणि दुसऱ्या बाजूची जोडी यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

अर्थिंग शेवटी आणि सक्तीने. पेटी किंवा प्लेट धातूची असेल तर तिला हिरवी वायर लागलीच पाहिजे. प्लास्टिकचा स्विच बसवत असलात तरी धातूच्या पेटीचा अर्थ काढू नये.

८. बंद करणे, चालू करणे, पाहणे

वायरी घडी घालून पेटीत बसवाव्यात, दाबून कोंबू नयेत. प्लेटच्या स्क्रूच्या वाटेत कोणतीही वायर येत नाही हे बॅटरीने पाहावे. लांब स्क्रू इन्सुलेशनमध्ये घुसून महिनाभराने दोष देतो. जुन्या पेटीचे मूळ स्क्रू जपून ठेवावेत, कारण नव्या स्विचसोबत आलेल्या स्क्रूंचे आटे जुळतीलच असे नाही. डिमर आणि स्मार्ट स्विच खोलीला मोठे असतात आणि उथळ पेटीत वायरी चेपतात.

प्लेट पूर्ण लागल्याशिवाय वीज चालू करू नये. सर्व स्विच बंद ठेवून आधी मेन, मग त्या सर्किटचा ब्रेकर, मग एकेक स्विच, असा क्रम ठेवावा. जिन्याच्या दिव्यासाठी दोन्ही स्विचच्या चारही स्थिती तपासाव्यात. टप्पा ३ मधली यादी घेऊन घरभर फिरावे. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. दिवा अर्धा तास चालू ठेवून प्लेटला हात लावावा. साधा स्विच कोमट लागला किंवा त्यातून चर्रचर्र आवाज आला, तर जोड सैल आहे, वीज बंद करून पुन्हा उघडावे. डिमर थोडा कोमट राहतो, ते वेगळे.

९. काही बिघडलेच तर कोठे पाहावे

स्विच दाबताच ब्रेकर पडतो, बंद असताना मात्र टिकतो: स्विचच्या एका बाजूला फेज आणि दुसऱ्या बाजूला न्यूट्रल लागला आहे. ब्रेकर पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. जुडग्यातली वायर स्विचवर आली आहे का ते पाहावे.

काही दिवे पूर्ण बंद पडले: फेजचा लूप मधेच तुटला आहे. फोटोत एका स्क्रूखाली दोन वायरी कोठे होत्या ते शोधावे.

बंद केलेला एलईडी मिणमिणतो: सर्वप्रथम स्विच न्यूट्रलवर नाही ना, याची खात्री करावी. तो दोष असेल तर तो बहुधा स्विचमागे नसून दिव्यापाशी किंवा ब्रेकरपाशी असतो आणि दुरुस्तीही तेथेच करायची असते. फेज नीट तुटत असेल, तर स्विचमधल्या इंडिकेटरचा सूक्ष्म प्रवाह दिव्यातून जात असतो, किंवा पाइपात लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमुळे थोडे व्होल्टेज येत असते. इंडिकेटर नसलेला स्विच किंवा वेगळा बल्ब लावून पाहावे.

दिवा लावला की एमसीबी नव्हे, आरसीसीबी पडतो: दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीवरचा आहे, किंवा कोठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले आहेत. काम करताना जुडगा हलला असेल तर तेथे पाहावे. तेथे काही सापडले नाही, तर आपण काढलेले चित्र, फोटो आणि कोणत्या ब्रेकरने कोणता दिवा जातो ती यादी इलेक्ट्रिशियनच्या हाती द्यावी, आणि तो येईपर्यंत त्या दिव्याचा ब्रेकर खालीच ठेवावा.